सागरी हवामानात धातूच्या बिल्ल्यासाठी आसंजकाची निवड : मुरुडमधील सायकलींच्या संदर्भात

प्रस्तावना

रायगड जिल्ह्यातील मुरुड हे अरबी समुद्राच्या काठावर वसलेले शहर आहे. खाऱ्या वाऱ्याचा परिणाम येथील प्रत्येक लोखंडी वस्तूवर दिसून येतो. जुन्या सायकलीच्या हँडलखालील उभ्या नळीवर बसविलेला कंपनीच्या नावाचा धातूचा बिल्ला हे त्याचे लहानसे, परंतु बोलके उदाहरण होय. असा बिल्ला निखळल्यास तो अनेकदा हाताशी असलेल्या कोणत्याही गोंदाने चिकटविला जातो आणि एका पावसाळ्यानंतर पुन्हा सुटतो.

हा बिल्ला म्हणजे केवळ शोभेची वस्तू नव्हे. मुंबईतील वरळीची हिंद सायकल्स आणि आसनसोलची सेन-रॅले या कंपन्यांचे १९८० मध्ये कायद्याने राष्ट्रीयीकरण झाले. पुढे दोन्ही कारखाने बंद पडले. अशा सायकलीवरील मूळ बिल्ला हरवला तर त्या जागी नवा मिळत नाही. प्रस्तुत लेखात बिल्ला चिकटविण्यासाठी आसंजकाची, म्हणजेच चिकटविणाऱ्या पदार्थाची, निवड कोणत्या निकषांवर करावी याचे विवेचन केले आहे.

बळकटी हा प्रश्न नाही

सर्वसाधारण समज असा की, सर्वांत बळकट तेच आसंजक उत्तम. साधा हिशेब मात्र वेगळे सांगतो. बिल्ल्याचे वजन २० ग्रॅम व चिकटणारे क्षेत्र १५ चौरस सेंटिमीटर धरल्यास दर चौरस सेंटिमीटरवर जेमतेम १.३ ग्रॅम भार येतो. चांगले इपॉक्सी आसंजक तेवढ्याच क्षेत्रावर सुमारे १०० किलोग्रॅम कर्तन बल सहन करते. म्हणजेच बळकटी गरजेच्या पन्नास हजार पटींहून अधिक आहे. तरीही बिल्ला सुटतो, याची कारणे अन्यत्र शोधावी लागतात.

बिल्ला सुटण्याची कारणे

पहिले कारण आकाराचे. नळी गोल असते. बिल्ल्याचा बाक तिच्याशी जुळत नसेल तर दाबून बसविलेला पत्रा मूळ आकारात परतू पाहतो आणि त्याच्या कडा सतत वर उचलल्या जातात. सोलून काढणाऱ्या या ताणापुढे कर्तन बलात श्रेष्ठ असलेली ठिसूळ आसंजकेही दुबळी ठरतात.

दुसरे कारण प्रसरणाचे. ६० मिलिमीटर लांबीचा पितळी बिल्ला ४० अंश सेल्सिअसच्या फरकाने पोलादापेक्षा सुमारे ०.०१७ मिलिमीटर अधिक प्रसरण पावतो. ॲल्युमिनियमचा सुमारे ०.०२६ मिलिमीटर. हा फरक नगण्य वाटला तरी अतिशय पातळ व ठिसूळ थराला तो रोज सोसावा लागतो. एक मिलिमीटर जाडीचा लवचीक थर मात्र तो सहज सामावून घेतो.

तिसरे आणि मुरुडच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे कारण मिठाचे. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की मीठ हवेतील पाणी शोषून विरघळते. त्यामुळे पाऊस नसतानाही पृष्ठभागावर विद्युतवाहक ओलावा टिकतो. रंग खरवडलेल्या जागी पितळ व पोलाद यांचा संपर्क असल्यास पोलाद अधिक वेगाने गंजते. बिल्ला ॲल्युमिनियमचा असल्यास बहुधा तोच झिजतो. गंज रंगाच्या थराखाली पसरतो आणि शेवटी आसंजक नव्हे, तर रंगच नळीपासून सुटतो. म्हणूनच आसंजकाने दोन धातूंना जोडण्याबरोबरच त्यांना परस्परांपासून अलग ठेवणेही आवश्यक असते.

उपलब्ध पर्याय

१) सायनोॲक्रिलेट : फेविक्विकसारखी ही आसंजके क्षणात चिकटतात, परंतु त्यांचा थर पातळ व ठिसूळ असतो, पोकळी भरून निघत नाही आणि दीर्घकाळ ओलावा त्यांना मानवत नाही. दमट हवेत कडेला पांढरी भुकटीही धरते.

२) इपॉक्सी : ॲराल्डाइटसारखे दोन घटकांचे मिश्रण पोकळी भरते व विद्युतरोधक असते. बाक अचूक जुळत असेल तर ते उपयुक्त आहे. मात्र बिल्ला पुढे काढायचा झाल्यास उष्णता द्यावी लागते व रंगाची हानी होते.

३) सिलिकॉन : हे लवचीक असून पाण्यात टिकते. परंतु व्हिनेगरसारखा वास येणारा प्रकार घट्ट होताना ॲसेटिक आम्ल सोडतो व ते धातूला मारक ठरते. त्यामुळे ‘न्यूट्रल क्युअर’ असा उल्लेख असलेलाच प्रकार घ्यावा.

४) दुहेरी ॲक्रिलिक फोम टेप : वाहनांवरील नावे बसविण्यासाठी ही टेप सर्रास वापरली जाते. तिची जाडी एकसारखी राहते. मात्र बाक न जुळल्यास सततच्या ताणाने ती हळूहळू सुटते.

पूर्वतयारी

प्रथम बिल्ला हाताने हलकेच वाकवून नळीच्या बाकाशी जुळवावा. न दाबता तो टेकून राहिला पाहिजे. मीनाकारी असलेला बिल्ला मात्र वाकवू नये, त्यावरील रंग तडकतात. त्यानंतर दोन्ही पृष्ठभाग गोड्या पाण्याने धुवावेत, कारण स्पिरिटने तेल निघते, मीठ निघत नाही. पूर्ण वाळल्यावर बिल्ल्याची मागील बाजू बारीक पॉलिश पेपरने घासून स्पिरिटने पुसावी. नळीवरील रंग शाबूत असल्यास तो खरवडू नये. गंज आढळल्यास तो काढून प्रायमर व रंग द्यावा आणि तो पूर्ण पक्का होऊ द्यावा. रिव्हेटची जुनी छिद्रे बुजवावीत, अन्यथा पाणी नळीत उतरते. हे काम पावसाळ्यात न करता कोरड्या दिवसांत करणे इष्ट.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, मुरुडसारख्या ठिकाणी आसंजकाची निवड बळकटीच्या आकड्यावरून न करता लवचीकता, मिठाच्या पाण्यातील टिकाव, धातूंचे विलगीकरण आणि पुन्हा काढता येण्याची सोय या चार निकषांवर करावी. या कसोटीस न्यूट्रल क्युअर सिलिकॉनचा सलग थर सर्वाधिक उतरतो. तो सुमारे एक मिलिमीटर जाड ठेवावा, कडेपर्यंत भरावा आणि दोन दिवस पट्टीने बांधून ठेवावा. बाक जुळत असल्यास कडा बंद केलेली फोम टेपही चालते. दोन्ही पद्धतींत पुढे गरज पडल्यास गळाच्या बारीक नायलॉन दोरीने थर कापून बिल्ला अखंड काढता येतो. बदली न मिळणाऱ्या वस्तूच्या बाबतीत, आज केलेली दुरुस्ती उद्या निर्धोकपणे उलगडता येणे हे ती टिकण्याइतकेच महत्त्वाचे आहे.