तुरीची रानातली भावंडे

लातूरच्या डाळ गिरण्या आणि नांदेडकडील तुरीची शेते मराठवाड्यातील शिक्षकांना नवीन नाहीत. परंतु तुरीला रानटी भावंडेही आहेत, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ‘कजानस स्कॅराबिऑइडिस’ ही त्यांपैकीच एक वेल. भारतात ती माळावर, गवतात व झुडपांवर पसरलेली आढळते. शेंगा लहान, पण त्यांवर दाट लव असते. या लवेमुळे घाटेअळीच्या लहान अळ्यांना शेंग पोखरणे अवघड जाते. तुरीप्रमाणेच हिच्याही पेशीत गुणसूत्रांच्या 11 जोड्या असतात आणि दोघींचा संकर होऊ शकतो.

मग लागवडीच्या तुरीत असे गुण कमी का? वर्गात एक प्रयोग करून पाहू. बरणीत तुरीचे 90, मुगाचे 9 आणि हरभऱ्याचा 1 दाणा घालून नीट मिसळा. हे झाले जनुकाच्या तीन पर्यायी रूपांचे प्रमाण. आता डोळे मिटून 10 दाणे काढा. प्रयोग पुनःपुन्हा केल्यास सरासरीने दहापैकी नऊ वेळा हरभरा बाहेर राहील. माणसाने पूर्वी थोड्याच झाडांचे बी निवडून पेरले, तेव्हा असेच घडले. विरळ रूपे मागे रानातच राहिली.

रानातही सगळीकडे सारखीच रूपे नसतात. दोन टेकड्यांवरील समूहांमध्ये परागकणांची व बियांची देवघेव थांबली, की प्रत्येक समूह आपापल्या वाटेने बदलतो. कोरड्या मुरमाड उतारावर एक रूप टिकते, तर ओढ्याकाठी दुसरे. लहान समूहात तर केवळ योगायोगानेही एखादे रूप नाहीसे होते. म्हणून एका जागेचे बी जपले म्हणजे साऱ्या जातीचे वैविध्य जपले, असे होत नाही.

या वैविध्याचा उपयोग प्रत्यक्ष झालेला आहे. ‘कजानस कजानिफोलियस’ या दुसऱ्या भावंडाच्या पेशीद्रव्यामुळे नर-वंध्य तूर तयार करता आली आणि त्यातून हैदराबादजवळील ‘इक्रिसॅट’ संस्थेने ‘आयसीपीएच 2671’ हे संकरित वाण विकसित केले.

मर, वांझ रोग, अळी आणि अवर्षण ही संकटे मराठवाड्याच्या तुरीवर पुढेही येणारच. जनुकपेढीत बी सुरक्षित राहते. पण बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्याची क्रिया तेथे थांबलेली असते. ती चालू राहते माळावरच्या जिवंत वेलीत. तेव्हा बांध-माळ साफ करताना तेथे काय उगवले आहे, हे आपण आधी पाहिलेले बरे.