काकडी चिरल्यावरच का दरवळते?

अखंड काकडीला फारसा वास नसतो. चिरली की दरवळते. पेशी फुटतात, मेदाम्लं सुटी होतात आणि लायपॉक्सिजनेज हे विकर त्यांना ऑक्सिजन जोडतं. खरी गंमत जागेची. या मेदाम्लांपैकी लिनोलेनिक आम्लाची साखळी १८ कार्बनांची. ऑक्सिजन नवव्या कार्बनवर बसला, तर दुसरं विकर तिथेच साखळी तोडतं आणि ९ कार्बनांचा, काकडीच्या वासाचा रेणू सुटतो. तेराव्यावर बसला, तर ६ कार्बनांचा, कापलेल्या गवताच्या वासाचा! साखळी विकराच्या खोबणीत किती खोल आणि कोणत्या टोकाने शिरते, यावर बरंच अवलंबून. विकराविना हवेतला ऑक्सिजन असा नेम धरत नाही. तेल नुसतंच खवट होतं. सोयाबीनमध्ये मुख्यतः तेरावा कार्बन गाठला जातो. तो हिरवट वास टाळायला सोयादुधासाठी दाणे उकळत्या पाण्यात दळतात. उष्णतेने विकर निकामी होतं.