‘नोमिक’ खेळातील करार आणि पळवाटा

अमेरिकन तत्त्वज्ञ पीटर सूबर यांनी रचलेला ‘नोमिक’ हा खेळ १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. नियमांत बदल सुचविणे हीच या खेळातील चाल होय. त्याच्या २९ आरंभिक नियमांपैकी क्रमांक ११६ च्या नियमानुसार, जे निषिद्ध वा नियंत्रित नाही ते, नियमबदलाचा अपवाद वगळता, अनुज्ञेय ठरते. साहजिकच शब्दरचनेतील त्रुटी ही विजयाची संधी बनते.

१९९३ मध्ये सुरू झालेल्या ‘अगोरा’ या नोमिकमध्ये खेळाडूंमधील करारांनाही नियमांचे बळ देण्यात आले. अशा वेळी पळवाट कशी निर्माण होते, हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. करारभंग करणारी चाल अवैध आहे, असा नियम आहे आणि ‘पक्षकाराने या कराराचा भंग करणारीच चाल करावी’ असे करारातील एकमेव कलम आहे. येथे पालन केल्यास भंग होतो आणि भंग केल्यास पालन होते. चाल वैध की अवैध, हे ठरतच नाही. सूबर यांच्या क्रमांक २१३ च्या नियमानुसार अशा पेचात ज्याला प्रथम आपली पाळी पूर्ण करता येत नाही, तो खेळाडू विजयी होतो.

हा विजय इतरांना अन्यायकारक वाटू शकतो. तथापि नियमबदल पूर्वलक्षी प्रभावाने लागू होत नसल्याने तो हिरावून घेता येत नाही. पळवाट बुजविता येते, ती केवळ पुढील खेळासाठी. कायद्याचा हेतू त्याच्या शब्दांत उतरला नाही, तर त्याचे मूल्य कायदा करणाऱ्यांनाच चुकवावे लागते, हा या खेळाचा बोध होय.