तिचं पुढे काय झालं?

एचआयव्ही कसा पसरतो, कंडोम कशासाठी वापरायचा, तपासणी कुठे होते, हे सगळं त्या तरुणींना ठाऊक होतं. अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या शहरी वस्त्यांमध्ये राहणाऱ्या या मुली, बहुतेक कृष्णवर्णीय. न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठात नर्सिंगच्या प्राध्यापक असलेल्या रेचल जोन्स त्यांच्याशी बोलत गेल्या, तेव्हा गुंता वेगळीकडेच असल्याचं दिसलं. जोडीदाराचं बाहेर कुठेतरी काहीतरी चालू आहे, असा दाट संशय असतानाही या मुली कंडोमचा आग्रह धरत नव्हत्या. आग्रह धरला म्हणजे ‘माझा तुझ्यावर विश्वास नाही’ असं तोंडावर सांगितल्यासारखं होतं. मग भांडण, अबोला आणि कदाचित तो निघूनच जाणार. संसर्गाचा धोका मनात धूसर असतो, एकटं पडण्याचा धोका मात्र लख्ख दिसत असतो.

आरोग्य खात्याच्या माहितीपत्रकात या भीतीला जागा नसते. जोन्स यांनी ती मालिकेत आणली. तरुणींच्या तोंडून ऐकलेल्या प्रसंगांतून त्यांनी बारा भागांची कथा उभी केली. नाव दिलं ‘लव्ह, सेक्स अँड चॉइसेस’. प्रेमात पडलेल्या, फसलेल्या, एकमेकींना सल्ले देणाऱ्या आणि ते सल्ले स्वतः न पाळणाऱ्या मैत्रिणींची ही गोष्ट दर आठवड्याला एक भाग याप्रमाणे थेट मोबाइलवर पोहोचायची. सहभागी तरुणींना स्मार्टफोन संशोधकांनीच दिले होते. दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात बसून चारचौघांत ‘एचआयव्हीविषयी’ काही पाहायला कुणाला आवडेल? फोनवर ती एकटी असते, हवं तेव्हा पाहते, वाटलं तर पुन्हा पाहते.

आता यात विज्ञान कुठलं, असा प्रश्न पडू शकतो. विज्ञान आहे ते पुढच्या पायरीत. १८ ते २९ वयाच्या, संसर्गाचा धोका जास्त असलेल्या २३८ तरुणींचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले गेले. एका गटाला बारा आठवडे मालिका मिळाली, दुसऱ्याला बारा आठवडे एचआयव्ही टाळण्याविषयीचे लेखी संदेश. निकाल २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. धोक्याचे, असुरक्षित संबंध दोन्ही गटांत ठळकपणे कमी झाले. मालिका पाहणाऱ्यांमध्ये घट १८ टक्क्यांनी जास्त होती. पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकला नाही. तो योगायोगही असू शकतो, एवढंच म्हणता आलं.

मला हा निकाल यशाच्या गाजावाजापेक्षा जास्त बोलका वाटतो. साध्या संदेशांनीही काम केलं असेल. किंवा दर आठवड्याला कुणीतरी आठवण ठेवून आपल्याला काहीतरी पाठवतं, अधूनमधून आपल्या आयुष्याबद्दल बारकाईने प्रश्न विचारतं, यानेच माणूस थोडा सावध होत असेल. अशा चाचण्यांत ही अडचण नेहमीची आहे: मालिकेची तुलना कशाशी करायची? संदेशांशी केली तर संदेशही काम करतात. कशाशीच केली नाही, तर बदल गोष्टीने झाला की निव्वळ विचारपूस झाल्याने, हे कळायला मार्ग नाही.

नायजेरियातल्या प्रयोगाने यावर चांगला तोडगा काढला. ‘एमटीव्ही शुगा’ ही मालिका २००९ मध्ये केनियातून सुरू झाली. पुढे ऑस्कर मिळवणारी लुपिता न्योंगो तिच्या सुरुवातीच्या पर्वात होती. नैरोबीतली श्रीमंत-मध्यमवर्गीय तरुण मंडळी, पार्ट्या, ईर्ष्या, लफडी. आणि या सगळ्यातून वाट काढत येणारी एचआयव्हीची तपासणी. नंतर मालिका नायजेरियात गेली आणि तिथल्या पर्वावर अभिजित बॅनर्जी, एलियाना ला फेरारा आणि व्हिक्टर ओरोस्को या अर्थतज्ज्ञांनी मोठी चाचणी घेतली. (बॅनर्जींना २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं तेव्हा आपल्याकडे त्यांच्या आईचं माहेर आवर्जून छापून आलं होतं, निर्मला बॅनर्जी मूळच्या पाटणकर. हा प्रयोग मात्र त्या कौतुकात फारसा कुणाच्या नजरेस पडला नाही.)

नैर्ऋत्य नायजेरियाच्या शहरांतल्या १८ ते २५ वर्षांच्या सुमारे पाच हजार तरुण-तरुणींना त्यांच्याच परिसरात बोलावून मालिका दाखवण्यात आली. तुलनेच्या गटालाही मालिकाच दाखवली, फक्त आरोग्याचा संदेश नसलेली. म्हणजे पडदा तोच, वेळ तितकाच, करमणूकही होतीच. वेगळा होता तो कथेतला मजकूर. शिवाय ‘तू काय करतोस’ या प्रश्नाच्या उत्तरावर विसंबून न राहता संशोधकांनी सहा ते नऊ महिन्यांनी प्रत्यक्ष तपासण्या मोजल्या. लैंगिक वर्तनाबद्दल माणसं प्रश्नावलीत जे लिहितात, त्यावर किती विश्वास ठेवायचा, हे या क्षेत्रातलं जुनंच दुखणं. ‘शुगा’ पाहिलेल्यांमध्ये एचआयव्हीची तपासणी करून घेण्याचं प्रमाण दुप्पट निघालं. मालिका पाहिलेल्या तरुणींमध्ये क्लॅमिडिया या लैंगिक संसर्गाचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. प्रयोगशाळेतली चाचणी भिडेखातर सोयीचं उत्तर देत नाही, म्हणून हा आकडा मोलाचा.

अर्थात ‘दुप्पट’ हा शब्द फसवा आहे. मुळात तपासणीला जाणारे इतके थोडे होते, की दुप्पट होऊनही बहुसंख्य तरुण गेलेच नाहीत. या प्रयोगात आणखी एक गंमत होती. काहींना मालिकेबरोबर ‘तुमच्यासारख्या इतरांना काय वाटतं’ हेही दाखवलं होतं, काहींना मित्रांसह पाहायला बोलावलं होतं. समाजाचं मत कळलं की माणूस बदलेल, असा अंदाज. त्याने विशेष फरक पडला नाही. परिणाम जास्त दिसला तो कथेत जास्त गुंतलेल्या प्रेक्षकांमध्ये.

हे गुंतणं म्हणजे नेमकं काय, याचा अभ्यास जुना आहे. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी १९५६ मध्येच लिहून ठेवलं, की पडद्यावरच्या माणसाशी प्रेक्षक ओळखीच्या माणसासारखं एकतर्फी नातं जोडतो. मेलनी ग्रीन आणि टिमथी ब्रॉक यांनी २००० मध्ये दाखवलं, की गोष्टीत बुडालेला वाचक त्यातल्या विचारांशी हुज्जत घालत नाही. भाषण ऐकताना मनात ‘हो, पण’ सुरू असतं. गोष्ट ऐकताना ते गप्प बसतं, कारण तिचं पुढे काय झालं ते कळायचं असतं. अल्बर्ट बँड्युरा यांनी यात भर घातली ती आत्मविश्वासाची. आपल्यासारखीच एखादी व्यक्ती अडखळत, चुकत एखादी गोष्ट जमवताना पाहिली, की ‘मलाही जमेल’ असं वाटू लागतं. इथे ‘आपल्यासारखीच’ याला महत्त्व आहे. सर्वगुणसंपन्न नायिकेकडून कुणी काही शिकत नाही.

हप्त्याहप्त्याने गोष्ट सांगण्याचा फायदा इथेच आहे. वीस मिनिटांच्या लघुपटात पात्र बदललं, तर तो चमत्कार वाटतो. बारा भागांत ती आधी गप्प बसते, मग विषय काढते आणि तो हसण्यावारी नेतो; मग ती माघार घेते, मैत्रिणीकडे रडते, पुन्हा प्रयत्न करते. दोन भागांच्या मधल्या आठवड्यात प्रेक्षक मुलगी ते वाक्य मनात घोळवते: मी असते तर कसं म्हटलं असतं? नाटकवाल्यांची रंगीत तालीम असते तसंच हे. प्रयोगाच्या दिवशी तोंडातून शब्द फुटावेत म्हणून.

बँड्युरांचा सिद्धांत मालिकेत उतरवला तो मेक्सिकोच्या मिगेल साबिदो यांनी. १९७५ मध्ये त्यांनी ‘व्हेन कोनमिगो’ या मालिकेतून प्रौढ साक्षरतेचा प्रसार केला, १९७७ मध्ये ‘आकोम्पान्यामे’तून कुटुंबनियोजनाचा. त्यांची पद्धत सोपी: काही पात्रं चांगल्या वाटेवरची, काही वाईट वाटेवरची आणि कथेचा भार दोन्हींच्या मध्ये हेलकावे खाणाऱ्यांवर. माहिती व प्रसारण मंत्री असलेले वसंत साठे मेक्सिकोला जाऊन आले आणि तिथल्या मालिकांच्या धर्तीवर १९८४ मध्ये दूरदर्शनवर ‘हम लोग’ आली, हे अनेकांना आठवत असेल. भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन दोन शब्द सांगायचे, तेही.

‘हम लोग’चा एक धडा मात्र फारसा आठवला जात नाही. अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स यांनी तिच्या प्रेक्षकांचा अभ्यास केला. दारुड्या नवऱ्याचा जाच मुकाट सोसणारी भागवंती ही खरं तर ‘असं होऊ नका’ म्हणून रंगवलेली. पण अनेक प्रेक्षकांना तीच आदर्श वाटली! सोशीक, घर धरून ठेवणारी. लेखकाने ठेवलेला अर्थ प्रेक्षक उचलतोच असं नाही; तो आपल्या घरातल्या चष्म्यातून पाहतो. एचआयव्हीच्या कथेत असं झालं तर महागात पडेल. नवऱ्याच्या आजारपणात ‘सगळं पोटात घालून’ सेवा करणाऱ्या बाईचा गौरव आपल्याकडच्या मालिका किती सहज करतात, ते पाहा.

‘मालिका कशाला, गोळी द्या’ असंही कुणी म्हणेल. गोळी आहेच. संसर्ग होण्याआधी घ्यायच्या ‘प्रेप’ गोळीला अमेरिकेत २०१२ मध्ये मान्यता मिळाली. पण त्याच सुमारास दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वेतल्या पाच हजारांवर स्त्रियांवर झालेल्या ‘व्हॉइस’ चाचणीत औषध निष्प्रभ ठरल्यासारखं दिसलं. रक्त तपासल्यावर कारण कळलं: सुमारे तीस टक्के नमुन्यांतच औषधाचा अंश होता. बाकीच्या गोळ्या डबीतच. घरात कुणी डबी पाहिली तर हिला एचआयव्ही आहे असं समजतील, जोडीदार संशय घेईल, अशी भीती अनेकींनी नंतर बोलून दाखवली. २०२४ मध्ये लेनाकापाविर या सहा महिन्यांतून एकदा टोचायच्या औषधाने डबीचा प्रश्न बराच सोडवला. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीत ते घेणाऱ्या २,१३४ तरुणींपैकी एकीलाही संसर्ग झाला नाही. तरी सुई टोचून घ्यायला दवाखान्याच्या दारापर्यंत जावं लागतं आणि त्याआधी आपल्याला धोका आहे हे स्वतःशी कबूल करावं लागतं. मालिकेचं काम तिथपर्यंतचं. दारापुढे नर्सबाई टोमणे मारत असेल किंवा औषध संपलेलं असेल, तर कथेचा काही इलाज नाही.

धोका कबूल करणं सर्वांत अवघड कुणाला जातं, याचा पुरावा पुण्यात आहे. तेव्हा राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत असलेले डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या स्त्रिया तपासल्या होत्या. देहविक्रयाशी संबंध नसलेल्या ३९१ जणींपैकी १३.६ टक्के एचआयव्हीबाधित निघाल्या. यातल्या बहुतेक विवाहित होत्या आणि नवऱ्याखेरीज कुणाशी संबंध नसलेल्या. न्यू जर्सीतली मुलगी निदान नातं तोडायचा विचार तरी करू शकते. लग्न झालेल्या बाईने कंडोमचा विषय काढायचा कसा आणि कुणाच्या फोनवर ती ही मालिका पाहणार? आपल्याकडे फोन अनेक घरांत सगळ्यांचा मिळून एक असतो, आणि त्याचा पासवर्ड बहुधा नवऱ्याकडे.

या सगळ्या प्रयत्नांत मला खटकतं ते हे, की बोलायचं ओझं बहुतेक वेळा मुलीवरच टाकलं जातं. टांझानियातल्या रेडिओ मालिकेने ते ओझं थोडं वेगळ्या रीतीने वाटून दिलं होतं. ‘त्वेंदे ना वाकाती’ १९९३ मध्ये सुरू झाली तेव्हा दोदोमा परिसरात ती १९९५ पर्यंत मुद्दाम ऐकवली नाही, म्हणजे तुलना करता यावी. जिथे ऐकली गेली तिथे लोकांनी जोडीदारांची संख्या कमी केली आणि कंडोमचा वापर वाढवला. दोदोमात प्रक्षेपण सुरू झाल्यावर तिथेही तसंच घडलं. या मालिकेतलं सर्वांत गाजलेलं पात्र होतं म्क्वाजू, ट्रकचालक. मुक्कामागणिक बाई असणारा, बायकोचं न ऐकणारा. बायको तुनू हळूहळू स्वतःच्या पायावर उभी राहते आणि म्क्वाजू एड्सने मरतो. त्याची गोष्ट महामार्गावरच्या पुरुषांनीही ऐकली.