अंतराळवीरांच्या चित्रपटांतील चुका

३ एप्रिल १९८४ रोजी स्क्वाड्रन लीडर राकेश शर्मा सोयुझ टी-११ या यानातून अंतराळात गेले, तेव्हा त्यांच्या शिधेत म्हैसूरहून आलेले काही भारतीय पदार्थ होते. म्हैसूर येथे १९६१ साली स्थापन झालेल्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने ते तयार केले होते. रव्याचा शिरा, छोले-बटाटे, भाज्यांचा पुलाव आणि आंब्याच्या वड्या असे हे साधेच पदार्थ. परंतु त्यांच्या निवडीमागे एक शास्त्रीय कारण होते. वजनरहित अवस्थेत अन्नाचा कण ताटात पडत नाही. तो हवेत तरंगत राहतो आणि डोळ्यात, नाकात वा यंत्राच्या फटीत शिरतो. म्हणून ज्याचा चुरा होत नाही आणि जे चमच्याला चिकटून राहते, असेच अन्न तेथे सोयीचे. तूप घालून परतलेला शिरा या कसोटीस सहज उतरतो.

पडद्यावरील अंतराळवीराने बिस्किट मोडले आणि त्याचा चुरा त्याच्या मांडीवर पडला, तर ते दृश्य जमिनीवर चित्रित झाले आहे, हे चाणाक्ष प्रेक्षक तत्काळ ओळखतो. खऱ्या अंतराळवीरांच्या जीवनावरील चित्रपटांत अशा चुका का होतात आणि त्यांतील कोणत्या क्षम्य मानाव्यात, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही.

यांपैकी एक प्रकार सातत्याच्या चुकांचा होय. चित्रपट कथेच्या क्रमाने चित्रित होत नाही. एकच प्रसंग अनेक वेळा टिपून नंतर तुकडे जोडले जातात. एका तुकड्यात भरलेला पेला पुढच्या तुकड्यात अर्धा दिसतो, तो यामुळेच. वजनरहित अवस्थेत ही अडचण पुष्कळच वाढते. १९९५ सालच्या ‘अपोलो १३’ या चित्रपटातील तरंगण्याची कित्येक दृश्ये नासाच्या विमानात घेतली गेली. हे विमान अन्वस्ताच्या आकाराच्या मार्गाने जाते. त्या मार्गावर विमान आणि आतील माणसे एकाच वेगाने पडत असल्याने माणसे तरंगू लागतात. परंतु ही स्थिती पंचवीस सेकंदांहून अधिक टिकत नाही. दोन मिनिटांच्या संभाषणासाठी म्हणूनच अनेक उड्डाणवक्रांतील तुकडे सांधावे लागतात, आणि हवेत सोडलेली लेखणी प्रत्येक वेळी त्याच जागी कशी राहावी? उरलेली दृश्ये जमिनीवर घ्यावी लागली. तेथे केस व कपड्यांच्या घड्या मुकाट्याने खाली ओढल्या जातात. असल्या चुकांनी कोणाचे काही बिघडत नाही.

काळाच्या चुकाही बहुधा निरुपद्रवी असतात. याच चित्रपटात १९७० सालच्या प्रसंगात नासाचे जे नागमोडी अक्षरांचे चिन्ह दिसते, ते १९७५ साली स्वीकारले गेले. अपघाताची वार्ता देणारे प्रसिद्ध वाक्य मूळ ध्वनिमुद्रणात भूतकाळी आहे. ते प्रथम जॅक स्वायगर्ट यांनी उच्चारले व मग जिम लव्हेल यांनी पुन्हा सांगितले; चित्रपटात ते वर्तमानकाळी झाले आणि लव्हेल यांच्याच मुखी गेले. आज जगाला चित्रपटातलेच वाक्य पाठ आहे. यानातील सहकाऱ्यांचे भांडण मात्र लेखकांनी रचलेले. उलट लव्हेल यांच्या पत्नीची विवाहाची अंगठी स्नान करताना निसटते, हा प्रसंग प्रेक्षकाला हमखास बनावट वाटतो. तो खरा आहे!

परंतु एक चूक अशी आहे की, जिच्यामुळे एका माणसाच्या नावाला बट्टा लागला. २१ जुलै १९६१ रोजी गस ग्रिसम यांचे ‘लिबर्टी बेल ७’ हे यान अटलांटिक महासागरात उतरले. थोड्याच वेळात त्याचे स्फोटक खिळ्यांनी बसविलेले दार अकस्मात उडाले, पाणी आत शिरले आणि यान बुडाले. ग्रिसम कसेबसे वाचले. आपण दार उडविण्याच्या दट्ट्याला स्पर्शही केला नाही, असे ते अखेरपर्यंत सांगत राहिले. १९८३ सालच्या ‘द राइट स्टफ’ या चित्रपटाने मात्र त्यांना भेदरलेला माणूस म्हणून उभे केले. वस्तुतः पुरावा त्यापूर्वीच उपलब्ध होता. ऑक्टोबर १९६२ मध्ये वॉली शिरा यांनी आपल्या यानाचे दार दट्ट्या दाबून मुद्दाम उडविले, तेव्हा उलट धक्क्याने त्यांच्या हाताला इजा झाली. ग्रिसम यांच्या हातावर तशी खूण नव्हती. घाबरट ठरविलेल्या या माणसावर नासाने १९६५ साली ‘जेमिनी ३’चे नेतृत्व सोपविले, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. चित्रपट निघाला तेव्हा उत्तर देण्यास ते हयात नव्हते. २७ जानेवारी १९६७ रोजी ‘अपोलो १’च्या आगीत त्यांचा अंत झाला होता.

‘फर्स्ट मॅन’ (२०१८) या चित्रपटात नील आर्मस्ट्राँग आपल्या दिवंगत कन्येचे कंकण चंद्रावरील विवरात टाकतात. ते त्या विवरापर्यंत चालत गेले होते, एवढे निश्चित. कंकणाला पुरावा नाही. ही कल्पना हृद्य आहे आणि तिने कोणाची निंदा होत नाही. तरीही ती इतिहास नव्हे.

राकेश शर्मा यांच्या जीवनावर चित्रपट काढण्याचे बेत अनेकदा जाहीर झाले आहेत. त्यांच्या प्रवासाची साधने मुबलक आहेत. पंतप्रधान इंदिरा गांधींनी वरून भारत कसा दिसतो असे विचारले आणि त्यांनी इक्बाल यांच्या गीताच्या ओळीने उत्तर दिले, ते संभाषण चित्रमुद्रित आहे. सोबतचे यूरी मालिशेव्ह व गेनाडी स्ट्रेकालोव्ह यांची नावे, सॅल्यूट ७ या स्थानकावरील मुक्काम आणि ११ एप्रिलचे पुनरागमन यांविषयी संदेह नाही. २०२५ साली शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेले, तेव्हा त्यांच्यासोबत गाजराचा हलवा, मुगाच्या डाळीचा हलवा आणि आमरस होता. या प्रसंगांचे चित्रण करू इच्छिणाऱ्याने शिऱ्याचा घास चमच्यावर कसा राहतो, एवढे तरी म्हैसूरला विचारून घ्यावे.