बांधीत बोलतो, मग ग्रामसभेत का नाही?

आपल्या गोरेगाव तालुक्यात रोवणी सुरू झाली की बांधीत वाकून दिवसभर आपल्या गप्पा चालतात. बचत गटाच्या बैठकीत हिशोबाला उभं राहिलो, तर आपलं बोलणं कुणी थांबवू शकत नाही. आणि ग्रामसभेत सरपंच विचारतात, "महिलांना काही सांगायचं आहे का?" तेव्हा आपण एकमेकींच्या तोंडाकडे पाहत बसतो.

आमच्या गटाचंही असंच झालं होतं. हातपंपाच्या वाटेवर पावसाळ्यात गुडघाभर चिखल व्हायचा. ग्रामसभेत सांगायचं ठरलं. आमच्यातली एक उभी राहिली. घसा कोरडा पडला, हात थरथरले, "नमस्कार" म्हणून ती खाली बसली. सभा पुढच्या विषयाकडे गेली आणि त्या वर्षीही आम्ही चिखलातूनच पाणी आणलं.

असं का होतं? धुऱ्यावर साप दिसला की छाती धडधडते, घाम फुटतो. शरीर पळायची तयारी करतं. शंभर डोळे आपल्याकडे वळले की शरीर तेच करतं. यात आपल्या शिक्षणाचा किंवा अकलेचा दोष नाही.

गांधीजी तर विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले होते. मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिल्या खटल्याला उभे राहिले, तर डोकं गरगरायला लागलं आणि एकही प्रश्न सुचेना. तीस रुपये फी परत करून ते निघून आले. पुढे १८९६ साली मुंबईच्या सभेत भाषण लिहून नेलं, पण आवाज पोहोचेना. शेवटी ते दिनशा वाच्छा यांनी वाचून दाखवलं. आणि १९४२ साली त्याच मुंबईत, गवालिया टँकवर, त्यांचं बोलणं साऱ्या देशानं ऐकलं. भीती गेली म्हणून ते बोलले नाहीत. बोलत राहिले म्हणून भीती कमी झाली.

आम्ही मग काय केलं, ते सांगतो. मागणी चार ओळींत कागदावर लिहिली: काय अडचण आहे, किती घरांना आहे, काय हवं आहे. गटाच्या बैठकीत प्रत्येकीनं ती उभं राहून मोठ्यानं वाचली. सभेत दोघी सोबत उभ्या राहिल्या. सुरुवातीला श्वास हळूहळू सोडला. त्यानं धडधड उतरते. पाठ आलं नाही तर कागद पाहून वाचायचं, त्यात लाज कसली? आणि बोलून झाल्यावर ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना म्हणायचं, "भाऊ, हे प्रोसिडिंगमध्ये लिहा, आणि काय लिहिलं ते वाचून दाखवा." तोंडी बोलणं हवेत जातं, लिहिलेलं राहतं.

सरावाची जागाही कायद्यानं दिली आहे. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. ती फक्त सही करण्यापुरती होऊ देऊ नका. आपल्याच बायांसमोर आधी तिथे बोला; दुसऱ्या दिवशी तेच ग्रामसभेत बोलणं सोपं जातं.

पुढच्या सभेत आमची तीच मैत्रीण पुन्हा उभी राहिली. कागद हातात हलत होता, पण चारही ओळी तिनं वाचल्या. हातपंपाची वाट प्रोसिडिंगमध्ये लिहिली गेली. मुरूम पडेपर्यंत आता दर सभेला आम्ही विचारणार आहोत.

तुमच्या गटाच्या चार ओळी कोणत्या, ते या बैठकीत ठरवा.