काळ्या मातीतले बारीक टायर

यवतमाळ शहरातून दारव्हा, घाटंजी, बाभूळगाव, कुठल्याही दिशेला निघा, सायकलवाल्याचा पहिला तास मजेत जातो. मग फाटा लागतो. आत वळलं की आधी पापुद्रे निघालेलं डांबर, पुढे मुरूम, मग सुटी गिट्टी आणि शेवटी पांदण. गेल्या दहा-बारा वर्षांत इथल्या हौशी सायकलस्वारांनी जे घेतलं, विकलं, बदललं, त्याचं कारण बहुतेक वेळा या फाट्याच्या आत सापडतं.

गेल्या दशकाच्या सुरुवातीला आमच्याकडे वाकड्या हँडलच्या रोड बाइक दिसू लागल्या. नागपूरच्या ब्रेव्हे राइडची ओढ होती: २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत. २०१७ साली नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ एकट्याने पूर्ण केली आणि विदर्भातल्या कितीतरी जणांनी घरात सायकलीचा विषय काढला. या बाइकचं टायर २३ मिलिमीटरचं, हवा शंभर पीएसआयच्या वर. हैदराबादकडे जाणाऱ्या ४४ क्रमांकाच्या महामार्गावर ती सुसाट जाते. पण त्या रस्त्यावर रोज कोण जाणार? बाजूने ट्रक घोंगावत जातात आणि पाहण्यासारखं सगळं तर आतल्या रस्त्यांवर.

याच रस्त्यांवर दूधवाल्याची, पोस्टमनची काळी सायकल पिढ्यान्‌पिढ्या विनातक्रार चालली होती. तिचं टायर २८ बाय दीडचं, म्हणजे जवळपास ४० मिलिमीटर रुंद. चिमटा पुढे झुकलेला, त्यामुळे खड्ड्याचा दणका निम्मा तिथेच जिरायचा. अमेरिकेत कॅन्ससच्या खडीवाटांवर २००६ साली दोनशे मैलांची शर्यत सुरू झाली (तीच आजची ‘अनबाउंड ग्रॅव्हल’), आणि २०१९ मध्ये शिमानोने खास अशा वाटांवरच्या, रुंद टायरच्या ‘ग्रॅव्हल’ सायकलींसाठी जीआरएक्स हा गिअरसंच काढला. रुंद टायरचं शहाणपण आपल्याकडे नवीन म्हणून आलं, तेव्हा आपल्याच जुन्या सायकली भंगारात निघालेल्या होत्या. काळ्या सायकलींसाठी ओळखल्या जाणाऱ्या अॅटलसचा साहिबाबादचा कारखाना २०२० च्या ३ जूनला, नेमक्या जागतिक सायकल दिनी थांबला. योगायोग कसला, थट्टाच म्हणायची.

त्याच वर्षी टाळेबंदीत जिम बंद पडल्या आणि सायकलींची मागणी एवढी वाढली की दुकानदार तारखा देऊ लागले. नवी मिळेना, म्हणून हातात होती ती रोड बाइक बदलायचा उद्योग सुरू झाला. कुणी सरळ हँडल बसवलं. त्यासाठी ब्रेक आणि गिअरचे लिव्हरही बदलावे लागतात, म्हणजे बऱ्यापैकी खर्च, आणि हाताला बसणारे हादरे जिथल्या तिथे. कुणी मागे ३२ दातांची कॅसेट चढवली. लहान पिंजऱ्याच्या डिरेलरला ती पेलली नाही. उपयोगी पडला तो सगळ्यात साधा बदल: फ्रेममध्ये मावेल तेवढं रुंद टायर. जुन्या कॅलिपर ब्रेकच्या बाइकमध्ये बहुधा २५, नशीब असेल तर २८ बसतं. खात्री करायची तर चार मिलिमीटरची अॅलन की टायर आणि फ्रेमच्या मधून सगळीकडे फिरवून पाहावी. अडकली तर ते टायर आपलं नाही. २३ वरून २८ वर आलं आणि हवा सत्तर-पंचाहत्तरवर आणली की मुरमाचा रस्ता निदान सहन होतो. माझ्या मते रोड बाइकवर एवढाच खर्च करावा. त्यापुढचा प्रत्येक रुपया नव्या सायकलीसाठी राखून ठेवलेला बरा.

पावसाळ्याचा हिशेब निराळा. काळी माती ओली झाली की फुगते आणि टायरला थरावर थर धरते. ब्रेकच्या कमानीखाली जागा ती किती! पन्नास पावलांत तिथे गारा ठासून बसतो आणि चाक फिरायचं थांबतं. मग सायकल आडवी टाकायची, धुऱ्यावरून तुराटी मोडून आणायची आणि चिमट्याच्या बगलेतून गारा उकरून काढायचा. थोडं पुढे गेलं की पुन्हा तेच. डिस्क ब्रेकच्या ग्रॅव्हल बाइकला कमान नसते, म्हणून ती जरा जास्त तग धरते, एवढंच. शेतकरी अशा दिवसांत सायकल धुऱ्याला टेकवून पायी आत जातो, त्याचंच बरोबर आहे.

रस्तेही या काळात बदलत गेले. २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेने आदिवासी भागात अडीचशे वस्तीच्या गावापर्यंत डांबर न्यायचं ठरवलं; झरी-जामणीकडे त्याचा फरक जाणवतो. २०२१ च्या मातोश्री पाणंद योजनेने शेतवाटांवर गिट्टी-मुरूम टाकायला घेतलं. बैलगाडीला आणि ट्रॅक्टरला ते वरदान आहे. सायकलवाल्याला मात्र न दाबलेली गिट्टी चिखलाइतकीच जड जाते. यवतमाळ-मूर्तिजापूर ही बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेची ११३ किलोमीटरची वाट ग्रॅव्हलवाल्यांच्या स्वप्नात हटकून येते, कारण मिसुरीत बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर ‘केटी ट्रेल’ झाली आहे. पण मी शकुंतला परत धावावी म्हणणाऱ्यांपैकी, त्यामुळे तो विषय इथेच सोडतो.

रुंद टायरच्या स्वस्तातल्या सायकलींची वाट डेकॅथलॉनच्या ट्रायबन १०० ने आधीच दाखवली होती: वाकडं हँडल, पुढे एकच दातेरी चक्र, मागे सात, आणि टायर ३२ चं. पुढे त्यांचीच ३८ च्या टायरची, डिस्क ब्रेकची ग्रॅव्हल बाइक आली. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, त्याने थोडा हातभार लागला.

आता कुणी विचारलं, तर डिस्क केबलवर चालणारी घ्या, असं मी सांगतो. हायड्रॉलिक ब्रेक हाताला हलका लागतो यात शंका नाही. पण त्यातलं तेल बदलून हवा काढून देणारा मेकॅनिक गाठायला शहर धरावं लागतं, आणि ब्रेकची केबल साध्या सायकलच्या दुकानातही मिळून जाते.